भूतानला पहिल्यांदा निघताय? परवान्यापासून ताक्त्सांगच्या पायऱ्यांपर्यंत

भूतानला जाऊन आल्याचं कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सहा दिवसांत किती पॉइंट होतात?" नकाशा बघून तसं वाटणं साहजिक आहे. अख्खा देश महाराष्ट्राच्या आठव्या हिश्शाएवढा, लोकसंख्या आठ लाखांच्या आत. पण तिथला रस्ता डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घालून जातो आणि ७५ किलोमीटरला तीन तास सहज खातो. त्यात रात्रीमागे शुल्क असल्यामुळे "पैसे भरलेच आहेत तर सगळं उरकून घेऊ" असं होतं, आणि माणूस आठवडाभर गाडीच्या काचेतून डोंगर बघून परत येतो. माझं म्हणणं उलट आहे. खोरी कमी घ्या आणि प्रत्येक खोऱ्यात निदान एक दिवस पायी चाला. पुढची सगळी आखणी त्याच हिशेबाने दिली आहे, आणि पारोजवळच्या कड्यावरच्या ताक्त्सांग मठाची चढण शेवटाकडे ठेवली आहे.

१. आधी रात्री मोजा

भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासोबत 'शाश्वत विकास शुल्क' भरावं लागतं. तिथे सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. भारतीयांसाठी ते माणशी, रात्रीमागे १२०० रुपये आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं आणि ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. कोविडच्या आधी आपल्याला हे शुल्क नव्हतं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले खर्चाचे आकडे धरून चालू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये देश पर्यटकांना पुन्हा खुला झाला तो या शुल्कासकट.

नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरा. एका रात्रीचे ३००० रुपये, सात रात्रींचे २१,०००. हॉटेल, गाडी, गाइड, जेवण आणि देवळांची तिकिटं यात धरलेली नाहीत. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. आणि निघायच्या आधी भूतानच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर एकदा बघून घ्या, कारण गेल्या काही वर्षांत नियम बऱ्याचदा बदलले आहेत.

स्वतःची गाडी किंवा बुलेट घेऊन जायचा बेत असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. भारतीय नोंदणीचं वाहन फुंटशोलिंग या सीमेवरच्या गावाच्या पुढे न्यायला दिवसाला ४५०० रुपये पडतात. बहुतेकांचा बेत इथेच बदलतो. तिथलीच टॅक्सी ठरवली तर खर्च कमी होतो, आणि घाटात धुकं उतरलं की त्या चालकाची किंमत वेगळी कळते.

२. महिना ठरवा

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे चालण्याचे महिने. एप्रिलमध्ये खिंडींच्या आसपासची जंगलं ऱ्होडोडेंड्रॉनने लाल होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश धुतल्यासारखं असतं आणि हिमशिखरं दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. जून ते ऑगस्ट टाळा. सह्याद्रीत आपण पावसाळ्यातच ट्रेक करतो, पण इथे पावसात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात आणि शिखरं महिनाभर ढगात असतात. डिसेंबर-जानेवारीत गर्दी नसते, ऊन स्वच्छ असतं, रात्री मात्र पारा शून्याखाली जातो आणि उंच खिंडींत बर्फ पडून रस्ता अडू शकतो.

दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालमधून मोठी गर्दी येते, त्याला जोडून आपली दिवाळी. त्या तारखा असतील तर हॉटेल दोन-तीन महिने आधी धरा.

३. कागदपत्रं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात.

- पासपोर्ट (निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला) किंवा मूळ मतदार ओळखपत्र. दोन्हीपैकी एक पुरतं.
- अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्म दाखला, सोबत आईवडील.
- पासपोर्ट आकाराचे फोटो, छापील आणि फोनमध्येही.
- हॉटेलची आरक्षणं आणि दिवसवार आराखडा.
- प्रवास विम्याची प्रत.
- या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

आधार कार्ड चालत नाही. पॅन नाही, ड्रायव्हिंग लायसन्सही नाही. विमानतळावर आणि हॉटेलात आधार दाखवायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की दरवर्षी कितीतरी लोक सीमेपर्यंत पोचून परत फिरतात.

जन्म दाखला इंग्रजीत असावा लागतो. महापालिकेचे नवे दाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात, पण ग्रामपंचायतीचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर आधी नवीन काढून घ्या. दुसरी अडचण नावांची. मतदार कार्डावर लग्नाआधीचं नाव आणि तिकिटावर लग्नानंतरचं, असं बऱ्याच बायकांच्या बाबतीत असतं. तिकीट काढताना जे ओळखपत्र दाखवणार आहात त्यावरचं नाव अक्षरशः तसंच टाका. पासपोर्ट असेल तर सरळ पासपोर्टच वापरा, निम्मे प्रश्न मिटतात.

४. परवाना

अर्ज भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. सीमेवर पोचूनही परवाना मिळतो, पण सुट्टीच्या दिवसांत रांगेत अर्धा दिवस जातो, म्हणून घरूनच करा. शोधयंत्रात वर येणारी बरीच संकेतस्थळं एजंटांची असतात. त्यात बेकायदा काही नाही, फक्त जो अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता त्याचे ते वेगळे पैसे घेतात.

अर्जात जिथे जिथे जायचं ती सगळी ठिकाणं लिहा: थिम्फू, पारो, पुनाखा, फोबजिखा, 'हा' नावाचं खोरं, जे असेल ते. वाटेत तपासणी नाकी आहेत. फुंटशोलिंगच्या वर रिंचेंडिंगला पहिलं, थिम्फूहून पुनाखाकडे जाताना होंगत्शोला आणखी एक. तिथे परवाना बघतात. ऐनवेळी ठरवून नवीन खोऱ्यात शिरण्याचा हा देश नाही. थिम्फू आणि पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाइड बरोबर असणं बंधनकारक आहे. आपल्या ट्रेकर मंडळींना हे जरा जड जातं, "मला वाट कळते, गाइड कशाला" म्हणून. पण मठात शिरल्यावर भिंतीवरच्या चित्रांचा अर्थ सांगायला आणि शेतकऱ्याच्या घरी लाल तांदळाचा भात मिळवून द्यायला तोच उपयोगी पडतो. गाइड निवडताना फोनवर स्पष्ट सांगा की आम्हाला चालायचं आहे. काहींना गाडीतून उतरायला फारसं आवडत नाही.

५. पोचायचं कसं

दोन मार्ग आहेत. विमानाने पारो, किंवा रस्त्याने फुंटशोलिंग.

मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा कोलकाता गाठून तिथून ड्रुकएअर किंवा भूतान एअरलाइन्सचं पारोचं विमान घेता येतं. पारोचा विमानतळ सुमारे २२३५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही जवळजवळ सहाशे मीटर वर आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे निवडक वैमानिकच तिथे विमान उतरवतात आणि तेही दिवसाउजेडीच. दिल्लीहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागा, हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट आणि कांचनजंगा दिसतात. हवामानामुळे विमान लांबतं, म्हणून परतीला दिल्ली-मुंबई विमान त्याच संध्याकाळचं धरू नका.

रस्त्याचा मार्ग स्वस्त. विमानाने बागडोगरा किंवा रेल्वेने न्यू जलपाईगुडी गाठा. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून कामाख्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. तिथून डुआर्सच्या चहामळ्यांतून चार-पाच तासांत जयगाव. सगळ्यात जवळचं स्टेशन हासिमारा, जयगावपासून १८ किलोमीटरच्या आसपास. जयगाव भारतात आणि फुंटशोलिंग भूतानमध्ये, मध्ये फक्त एक कमान आणि कुंपण. रात्री उशिरा पोचलात तर जयगावलाच झोपा, तिथे एसडीएफ लागत नाही. सकाळी लवकर पलीकडे जाऊन दुपारपर्यंत थिम्फू गाठता येतं. अंतर दीडशे किलोमीटर, पाच तासांचा घाट, वाटेतल्या गेदू गावाच्या आसपास बहुतेक वेळा दाट धुकं. गाडी लागण्याची गोळी आधीच घेऊन बसा.

माझी पसंती: जाताना रस्त्याने, येताना विमानाने. अडीचशे-तीनशे मीटरवरून हळूहळू वर चढल्याने शरीरालाही सवय होते.

६. पैसे आणि फोन

तिथलं चलन न्गुलत्रुम, किंमत रुपयाएवढीच. भारतीय नोटा सगळीकडे घेतात, पण शंभरच्या आणि त्याखालच्या जास्त न्या. पाचशेची नोट छोट्या दुकानात कधी नाकारतात. रुपे कार्ड आणि भीम यूपीआयची सोय झाली आहे, तरी घोडेवाला, रस्त्याकाठची भाजीवाली आणि फोबजिखातलं होमस्टे यांच्यासाठी रोख ठेवाच. सुट्टे न्गुलत्रुम जयगाव सोडलं की आपल्याकडे कुणी घेत नाही, ते तिथेच संपवा.

फोनचं भारतीय रोमिंग महाग पडतं. बी-मोबाइल किंवा ताशीसेलचं पर्यटक सिम फुंटशोलिंग किंवा पारोला ओळखपत्रावर मिळतं.

७. मुक्कामांची आखणी

सात रात्री असतील तर अशी वाटणी करा: थिम्फू दोन, पुनाखा दोन, फोबजिखा एक, पारो दोन. पाचच असतील तर फोबजिखा गाळा आणि पुनाखाची एक रात्र कमी करा. मध्य भूतानमधल्या बुमथांगचा मोह पहिल्या खेपेला आवरा. सुंदर आहे, पण जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात.

*थिम्फू* (सुमारे २३०० मीटर). पहिल्या दिवशी काही चढू नका. बुद्ध दोर्देन्माचा पन्नास मीटरहून उंच पुतळा आणि चांगलिमिथांगच्या मैदानावर तिरंदाजी चालू असेल तर ती बघा. निशाण जवळजवळ १४५ मीटरवर असतं आणि बाण लागला की सगळा संघ गाणं म्हणत नाचतो. दुसऱ्या दिवशी चेरी मठाची वाट. भूतानला एकसंध देश करणारे धर्मगुरू झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी १६२० मध्ये स्थापलेला हा मठ आहे. लाकडी पुलावरून नदी ओलांडून तासाभराची चढण, आणि ताक्त्सांगच्या आधीची चांगली तालीम. दमदार मंडळींनी फाजोदिंगला जावं, ३६०० मीटरच्या वर, एका बाजूला तीन तास.

*दोचुला.* पुनाखाच्या वाटेवर ३१०० मीटरची ही खिंड लागते. तिथले १०८ चोर्तेन, म्हणजे स्तूप, बघून, फोटो काढून सगळे पंधरा मिनिटांत निघतात. तुम्ही निघू नका. तिथूनच लुंगचुत्सेची वाट सुटते, ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलातून दीडेक तासात वरच्या मंदिरापाशी पोचते. सकाळी आठच्या सुमाराला तिथे असाल तर पूर्व हिमालयाची रांग समोर उभी असते. दहानंतर बहुधा ढग.

*पुनाखा* (सुमारे १२५० मीटर). इथे थंडीचे कपडे पिशवीत जातात. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये बांधलेला झोंग आहे. झोंग म्हणजे किल्ला, कचेरी आणि मठ एकाच तटात. दुपारनंतर जवळच्या लांब झुलत्या पुलावर जा. दुसऱ्या दिवशी सकाळी भातखाचरांतून चढत खामसुम युली चोर्तेन, तासाभराची सोपी वाट, मुलांनाही जमते. राफ्टिंग करायचं तर नवख्यांनी मो छू घ्यावी, फो छू जास्त खळाळती आहे. भाडं बहुधा बोटीमागे असतं, त्यामुळे हॉटेलात आणखी कोणी तयार आहे का विचारा.

*फोबजिखा* (सुमारे ३००० मीटर). हिमनदीने कोरलेलं रुंद, दलदलीचं खोरं. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत इथे तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. ११ नोव्हेंबरला गांगते मठात त्यांचा उत्सव असतो. पाच-सहा किलोमीटरची निसर्गवाट जवळपास सपाट आहे. पक्ष्यांजवळ जाऊ नका, दुर्बीण न्या. रात्री गारठा कडक असतो, खोलीत शेगडी आहे का हे आरक्षण करतानाच विचारा.

*पारो.* शेवटी ठेवा, कारण ताक्त्सांग इथे आहे आणि तोवर तुमचे पाय आणि फुप्फुसं तयार झालेली असतात. आणखी अर्धा दिवस मिळाला तर चेले ला, ३९८८ मीटरवरची खिंड. गाडी वरपर्यंत जाते आणि हवा साथ देईल तर ७३२६ मीटरचं जोमोल्हारी दिसतं. तिथे पळापळ करू नका, चार पावलांत दम लागतो.

८. ताक्त्सांगचा दिवस

आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथल्या गुहेत आले, अशी श्रद्धा. मठ १६९२ मध्ये बांधला, १९९८ च्या आगीत बराचसा जळाला आणि नंतर पुन्हा होता तसा उभारला. ३१२० मीटरवर, कातळकड्याला चिकटलेला. पायथाच २६०० मीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

तिकीट पायथ्याशी काढावं लागतं, वर मिळत नाही. दुपारी एक ते दोन मठ बंद असतो, म्हणून साडेसात-आठला चालायला लागा. पहिला टप्पा पाइनच्या जंगलातून धुळीच्या वळणांनी उपाहारगृहापर्यंत, दीड-दोन तास. समोर कड्यावर मठ दिसतो आणि बरेच लोक इथूनच फिरतात. पाय दुखत नसतील तर पुढे जा. पुढचा चढ छातीवरचा नाही, पण दर्शनी टोकावरून शेकडो पायऱ्या आधी खाली धबधब्यापर्यंत उतरतात आणि मग पुन्हा वर मठाकडे जातात. परतताना त्या उतरलेल्या पायऱ्या चढायच्या असतात हे कुणी आधी सांगत नाही, आणि गुडघे तिथेच बोलायला लागतात. पायथ्याशी भाड्याने काठी मिळते, ती घ्याच.

घोडे फक्त चढताना आणि अर्ध्या वाटेपर्यंतच. उतार पायीच करावा लागतो, त्यामुळे गुडघेदुखीच्या ज्येष्ठांना "घोडा आहे ना" म्हणून घेऊन जाऊ नका. त्यांनी उपाहारगृहापर्यंत येऊन चहा घेत बसावं, दृश्य तिथूनही पुरेसं आहे.

मठाच्या दाराशी पिशव्या, फोन, कॅमेरा जमा करावे लागतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट हवी, टोपी काढायची. संध्याकाळी तापलेल्या दगडांच्या पाण्याची आंघोळ ठरवून ठेवा. नदीतले गोटे जाळात लाल करून लाकडी हौदात टाकतात, वर औषधी पाला. पण हे आदल्या दिवशी सांगावं लागतं, दगड तापायला तास लागतात.

९. मोठ्या ट्रेकचा विचार असेल तर

पारो ते थिम्फू असा ड्रुक पाथ पाच-सहा दिवसांचा, ४२०० मीटरपर्यंत चढणारा, वाटेत तळी. जोमोल्हारीचा ट्रेक त्याहून लांब. यांना नोंदणीकृत संस्था, गाइड, तंबू, घोडे हा सगळा सरंजाम लागतो, पाठीवर सॅक टाकून एकट्याने निघता येत नाही. ४०३ किलोमीटरची ट्रान्स भूतान ट्रेल २०२२ मध्ये पुन्हा खुली झाली आहे. पश्चिमेला 'हा' खोऱ्यापासून पूर्वेला त्राशिगांगपर्यंत जाणारी ही जुनी वाट आहे. तिचा एखादा दिवसाचा तुकडा गाइडला सांगून नेहमीच्या सहलीत बसवता येतो, आणि तो बसवावाच.

शिखर चढाईचा विचार सोडून द्या. ६००० मीटरवरच्या शिखरांवर १९९४ पासून आणि सगळ्याच गिर्यारोहणावर २००३ पासून बंदी आहे. म्हणून ७५७० मीटरचं गांगखार पुएनसुम आजही कुणी सर केलेलं नाही. ड्रोनही परवानगीशिवाय उडवता येत नाही, घरीच ठेवा.

१०. पिशवीत काय

घोटा धरणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट. थरांत घालायचे कपडे: आत पातळ, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. कानटोपी, सनस्क्रीन, हेडटॉर्च, पाण्याची बाटली. मंदिरांसाठी पूर्ण बाह्यांचा एक तरी नीट शर्ट. नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची, वर दोन दिवसांची जास्त. उंचीवरच्या त्रासासाठी गोळी घ्यायची का हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर. तिथे डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर चढणं थांबवा, आणि कमी होत नसेल तर खाली उतरा.

११. ताटात काय आणि वागायचं कसं

शाकाहाऱ्यांची अजिबात अडचण होत नाही. एमा दात्शी म्हणजे मिरची आणि चीज, पण मिरची इथे भाजी म्हणून येते, फोडणीपुरती नाही. कोल्हापूरकरांनीही पहिला घास जपून घ्यावा. सौम्य हवं तर बटाट्याचं केवा दात्शी किंवा अळंबीचं शामू दात्शी मागा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हॉटेलला आधी कळवावं आणि चालण्याच्या दिवसासाठी दशम्या, खाकरे जवळ ठेवावेत. सुजा, म्हणजे लोण्याचा खारट चहा, चहा समजून प्यायला तर आवडणार नाही. पातळ सूप समजून प्या.

चोर्तेन आणि प्रार्थनाचक्रांना उजवी घालून फिरायचं. मंदिराच्या आत फोटो नाहीत. आवाज खाली ठेवा. आपल्या मोठ्या ग्रुपांना हे कठीण जातं, आणि मठातल्या भिक्खूंच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

१२. परतताना

रस्त्याने बाहेर पडत असाल तर फुंटशोलिंगला बाहेर पडल्याची नोंद करून घ्या. जयगावचा बाजार समोर दिसायला लागला की चालक सरळ पुढे काढतो, तुम्ही आठवण करा. नोंद राहिली तर पुढच्या वेळी परवान्याला प्रश्न येतो. आणि घड्याळ बघा: भूतानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते. हासिमाऱ्याची गाडी भारतीय वेळेने सुटते, त्यामुळे निघताना हा अर्धा तास तुमच्या बाजूने असतो. भूतानमध्ये शिरताना मात्र तिथल्या वेळेने ठरलेली टॅक्सी आणि गाइड तुमच्या घड्याळात अर्धा तास आधीच येऊन उभे असतात.